मार्चमधलं थंड तळं, सात तास आणि न हललेला फ्लोट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मूळचे साताऱ्याकडचे, गेल्या वर्षी नोकरीसाठी इंग्लंडात रेडिंगला आलात. लहानपणी कोयनेच्या फुगवट्यावर आजोबांबरोबर गळ टाकून रोहू-कटला काढलेले. मार्चच्या पहिल्या रविवारी इथल्या एका तळ्याचं दिवसाचं तिकीट काढलंत (जुनी खडीची खाण, आता पाण्याने भरलेली), पहाटे सहाला बसलात आणि दुपारी एकला बोटं बधिर झाल्यावर उठलात. आमिष म्हणून हिंग घालून मळलेली कणीक आणि डब्यातला मका. सात तासांत फ्लोट (दोऱ्यावरचा तरंगा) एकदाही हलला नाही, शेजारच्या माणसाने मात्र चार-पाच बारके मासे काढले. आता विचारताय की आमिष कुठलं वापरू, आजोबांच्या पेटीतली शिशाची वजनं चालतील का, २१ तारखेला तळं सोडून केनेट नदीवर जाऊ का, आणि मासा घरी नेता येतो का.

आधी नदीचं सांगते, कारण ते चुकलं तर थेट दंड आहे. २१ मार्चला केनेटवर जाऊ नका. इंग्लंड-वेल्समधल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून, दोन्ही दिवस धरून, कोर्स फिशिंगला, म्हणजे सॅमन-ट्राउट सोडून बाकी गोड्या पाण्यातले मासे गळाने धरायला, बंदी असते. माशांच्या विणीचा काळ. आपल्याकडे पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागतात, तसंच समजा. १६ जूनला नदी उघडते, आणि त्या दिवशी पहाटे नदीकाठी इथल्या म्हाताऱ्यांचे चेहरे शाळेच्या पहिल्या दिवसासारखे असतात. बहुतेक तळ्यांवरची ही बंदी १९९५ मध्ये उठली, कालव्यांवरची २००० मध्ये. म्हणून मार्चअखेर तळं किंवा कालवा, एवढेच पर्याय. त्यातही काही संरक्षित तळी बंदी पाळतात आणि काही क्लबांचे आपापले नियम असतात, तेव्हा काठावरची पाटी वाचायचीच. रॉड लायसन्सचा तुम्ही उल्लेख केला नाहीत. तिकिटासोबत तेही मिळतं अशी नव्या माणसांची समजूत असते, पण तसं नाही. तिकीट तळ्याच्या मालकाचं, लायसन्स एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचं. सरकारी संकेतस्थळावर पाच मिनिटांत निघतं. नसेल तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विचारलंय आमिषाबद्दल, पण माझ्या मते तुमची अडचण आमिषाची नाहीच, निदान पहिली अडचण तरी नाही. शेजाऱ्याला चार-पाच लागले, म्हणजे तळ्यात मासे होते आणि खातही होते. फक्त ते तुमच्यासमोर नव्हते, आणि पुढे जेव्हा आले असतील तेव्हा तुम्ही घरी चहा पीत होतात.

मी देवगडची. बाबांबरोबर खाडीत गरवायला शिकले, इथे आल्याला एकोणीस वर्षं झाली, आणि गेली आठ-नऊ वर्षं आमच्या क्लबात नवख्यांना शिकवते. तुमची गोष्ट मला नवी नाही. माझे इथले पहिले दोन मार्च अक्षरशः असेच गेले. खाडीची सवय अशी की भरतीची वेळ साधायची, पहाट साधायची, भरपूर चारा टाकायचा, मासा वासावर येतो. इथे यातली एकही सवय उपयोगी पडली नाही, उलट प्रत्येकीने नुकसानच केलं.

मासा थंड रक्ताचा. पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं. आपल्याकडच्या धरणांचं पाणी ऐन हिवाळ्यातही इतकं गार होत नाही की मासा खाणं सोडेल. इथे मार्चच्या सुरुवातीला तळ्याचं पाणी, माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे, साधारण ५ ते ८ अंश असतं. त्या पाण्यात माशाचं पचन इतकं मंदावतं की सकाळी खाल्लेले दोन-चार किडे त्याला बराच वेळ पुरतात. तो फिरत नाही. उन्हाळ्यात जो थवा तासाभरात अख्ख्या तळ्याला फेरी मारेल, तो मार्चमध्ये एका खोलीएवढ्या जागेत दिवस काढतो. तुमच्या समोरच्या पाण्यात तो थवा नसेल, तर हिंग टाका नाहीतर केशर टाका, फरक पडत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न, मासे कुठे असतील? याचं ठाम उत्तर देणारा माणूस तुम्हाला फसवतोय. तळं किती खोल, वारा कुठला, आधीचे तीन दिवस कसे गेले, पाणी नितळ की गढूळ, यावर सगळं ठरतं. पण अंदाज बांधायची रीत आहे, ती सांगते.

पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांना. म्हणून कडाक्याच्या थंडीत खोल तळ्यात उलटा प्रकार होतो. वरचं पाणी २-३ अंशांवर जातं, कधी बर्फही धरतो, आणि तळाशी चार अंशांचा थर शांत बसून राहतो. मासे जानेवारीत तिथे. मार्चमध्ये ऊन यायला लागलं की चित्र पलटतं. उथळ पाणी लवकर तापतं आणि दोन-तीन दिवस नीट ऊन पडलं की मासे दुपारी तिकडे सरकतात, रात्री पुन्हा गारठा पडला की खोलात परत. म्हणजे मार्चचा मासा दिवसात दोनदा घर बदलतो, आणि कुठल्या दिवशी बदलेल हे हवेवर अवलंबून.

गेल्या वर्षीचं एक उदाहरण वहीतून देते. मार्चचा पहिला आठवडा, तीन दिवस कोरडं ऊन, रात्री पारा शून्याच्या जरा वर. मत्स्यटाकीचा साधा थर्मामीटर तंगुसाला बांधून मी खिशात ठेवते. दुपारी अडीच वाजता तळ्याच्या मधल्या भागात, काठावरून फेकून तळाला टेकवला तर ६. उत्तरेच्या काठाला वाळक्या बोरूच्या मागे एक लहानसा कोनाडा आहे, जेमतेम गुडघाभर ते कमरेएवढं पाणी. तिथे साडेआठ. अडीच अंशांचा फरक आपल्याला हाताला कळणार नाही, पण तळ्यातल्या निम्म्या रोच माशांना तो बरोबर कळला होता. तिथे दीड तासात एकवीस मासे लागले, आणि त्याआधी चार तास मधल्या पाण्यात मी दोन पर्च माशांवर बसले होते. चार तास. एकोणीस वर्षांच्या अनुभवानंतर. कारण त्या दिवशी मला मधल्या जागेची खुर्ची सोडायचा कंटाळा आला होता.

उत्तरेचा काठ का? या अक्षांशावर मार्चमधला सूर्य दक्षिणेकडे, बऱ्यापैकी खाली असतो. दक्षिण काठावर झाडं असतील तर त्यांच्या बुंध्याशी असलेलं पाणी दिवसभर सावलीत राहतं, आणि समोरच्या उत्तर काठाला ऊन थेट लागतं. शिवाय उत्तर काठावर बसलात की उत्तरेचा गार वारा तुमच्या पाठीवर, समोरचं पाणी शांत. होकायंत्र नसेल तर एक सोपी खूण: सकाळी दहाच्या सुमाराला गवतावरचं पांढरं हिम कुठे आधी वितळलं ते बघा. जिथे हिरवं दिसतं त्याच्या पुढ्यातलं पाणी आधी तापणार.

वाऱ्याचा एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. नैऋत्येचा दमट, उबदार वारा सलग दोन दिवस वाहत असेल, तर तो वरचं कोमट पाणी ईशान्य टोकाला ढकलत नेतो. तेव्हा वाऱ्याकडे तोंड करून बसायचं, कितीही जीव नकोसा झाला तरी. पूर्वेचा किंवा ईशान्येचा बोचरा वारा असेल तर नेमकं उलट. आणि आदल्या रात्री पारा एकदम सात-आठ अंशांनी उतरला असेल, तर खरं सांगू, त्या दिवशी झोपा. पाणी थंड असणं मासा सहन करतो. पाणी थंड होत जाणं त्याला अजिबात सहन होत नाही. आठवडाभर पाच अंशांवर टिकलेलं तळं बरं, पण नवावरून सहावर घसरलेलं तळं नको.

पक्ष्यांकडेही बघत जा. डोक्यावर तुरा असलेली ग्रीब पाणडुबी एकाच जागी पुन्हापुन्हा बुडी मारत असेल, तर ती पोटासाठी मारते, व्यायामासाठी नाही. तिच्याएवढं तळं ओळखणारा काठावर दुसरा कोणी नसतो.

आता वेळ. तुम्ही सहा ते एक बसलात. जूनमध्ये हे शहाणपण, मार्चमध्ये नेमकं उलटं. पहाटेचं पाणी रात्रभर गार होऊन दिवसातल्या सर्वांत खालच्या तापमानाला असतं. मी मार्चमध्ये अकराच्या आधी पिशवी उघडत नाही, आणि माझ्या वहीतले दहातले आठ मासे साडेबारा ते साडेचारमधले आहेत. ढगाळ, वाराहीन, ऊबदार दिवस असेल तर शेवटचा अर्धा तास, अंधारायच्या जरा आधी, पर्चसाठी चांगला. तुम्ही उठलात त्या वेळी दिवस सुरू व्हायचा होता. नुसती वेळ बदललीत आणि बाकी सगळं तेच ठेवलंत, तरी बहुधा फ्लोट हलेल.

तिसरी गोष्ट चाऱ्याची मात्रा, आणि इथे मी स्वतः सर्वांत जास्त चुकले आहे. पहिल्या वर्षी पावाचा चुरा भिजवून संत्र्याएवढे डझनभर गोळे केले आणि बसल्याबसल्या सगळे एकाच जागी टाकले. खाडीत असंच करतात ना! भरतीचं पाणी ते ओढून नेतं, वास पसरतो, मासे मागावर येतात. तळ्यात काहीही ओढून नेणारं नाही. ते गोळे तळाशी तसेच पडून राहिले, जे काही दोन-तीन मासे तिथे होते त्यांचं पोट दहा मिनिटांत भरलं, आणि उरलेला दिवस मी भरल्या पोटाच्या माशांपुढे गळ धरून बसले. टाकलेला चारा परत उचलता येत नाही, म्हणून मार्चमध्ये हात आखडताच ठेवायचा. सुरुवातीला दहा-बारा मॅगट (माशीच्या अळ्या), बेचकीने, फ्लोटच्या नेमक्या डोक्यावर. मग पाच मिनिटं काही नाही. बाईट आली, म्हणजे माशाने आमिषाला तोंड लावलं, तर पुन्हा पाच-सहा. बाईट थांबली तर लगेच आणखी टाकायचा मोह आवरून वीस मिनिटं काहीच टाकायचं नाही. अख्ख्या दिवसाला अर्धा पाइंट मॅगट पुरतात, बऱ्याचदा उरतात.

आता आमिष. हिंगाची कणीक वाईट नाही. रोहूला तुम्ही लिंबाएवढा गोळा लावत असाल. इथल्या रोचचं तोंड वाटाण्याला पुरत नाही, आणि थंडीत ते उघडतंही जेमतेम. मक्याचा दाणाही या हंगामात रोचसाठी मोठाच. तो मे महिन्यासाठी ठेवा, तेव्हा टेंच आणि कार्प त्यावर तुटून पडतील. (कार्प म्हणजे आपल्या धरणांवर मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच. इथे त्याचे लाड बघाल तर चकित व्हाल.) मार्चसाठी माझी निवड साधी. लाल मॅगट, एक किंवा दोन, बारीक गळावर. हो, त्याच माशीच्या अळ्या. हे शब्द वाचून तोंड वाकडं होणार हे मला माहीत आहे, पण गांडुळाला हात लावणाऱ्याला याचं काय? पर्च हवा असेल तर छोट्या गांडुळाचा दोन सेंटिमीटरचा तुकडा. आणि पाणी अगदीच नितळ, मासे लाजरे असतील तर पाव. दुकानातली स्वस्तातली पांढरी कापलेली पावाची लादी घ्या, एक स्लाइस लाटण्याने लाटा आणि पाच मिलिमीटरच्या पंचने त्यातून टिकल्या काढा. पाण्यात ती फुलते, हळू खाली जाते. पंच नसेल तर पेनाचं टोपण चालतं, मी दोन वर्षं तेच वापरलं.

एक आपल्या घरची गंमत. इथले जुने नदीवाले मॅगटना हळद लावतात. थट्टा नाही करत. अळ्यांवरचा चिकट मेद हळदीने सुटतो, रंग पिवळाधमक येतो, आणि रोचना तो वास आवडतो असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा एका दुकानदाराने मला मोठ्या गुपिताच्या सुरात "टर्मरिक" असं सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. मी लावते, चिमूटभर, आदल्या रात्री. त्यामुळे मासे वाढतात का? शपथेवर सांगणार नाही. हात मात्र आईसारखे पिवळे होतात.

सामानात तुम्ही किती जाड तंगूस वापरलात ते लिहिलं नाहीत, पण रोहूच्या सवयीने जाडच असणार. हिवाळ्यानंतर तळ्याचं पाणी काचेसारखं असतं, शेवाळ अजून वाढलेलं नसतं, आणि मासा आमिषाकडे बघत बसायला मोकळा असतो. मुख्य दोरा ३ पौंडांचा आणि शेवटचा हातभर ०.१० मिलिमीटरचा. गळ १८ किंवा २० नंबर, उलटा काटा नसलेला, दुकानात बार्बलेस म्हणून मागायचा. बहुतेक तळ्यांवर तो सक्तीचाच असतो. आजोबांच्या शिशाच्या वजनांचं असं, की ती आठवण म्हणून कपाटात ठेवा. ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर इथे १९८७ पासून बंदी आहे. तळाची खडी गिळताना हंस ते शिसंही गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. दुकानात बिनशिशाचे शॉट (दोऱ्याला चिमटायचे छर्रे) मिळतात, नंबर ८ आणि १० ची डबी घ्या.

खोली मोजल्याशिवाय बसू नका. गळाला चिमटीचं वजन लावायचं आणि फ्लोट टाकायचा. फ्लोट बुडाला तर खोली कमी धरलीत, आडवा पडला तर जास्त. नुसतं टोक वर राहीपर्यंत सरकवत राहायचं, म्हणजे गळ तळाला जेमतेम टेकतो. ही पाच मिनिटं नवखे नेहमी वाचवतात. मग वजन असं लावायचं की फ्लोटचा लाल ठिपका पाण्यावर तीन-चार मिलिमीटरच दिसेल. तुमच्या शेजाऱ्याचा फ्लोट आठवून बघा, तुम्हाला तो दिसतही नसेल. तुमचा बोटभर वर असणार. थंडीतला रोच आमिष ओढून नेत नाही. तो ते ओठांत धरतो, जरासं चोखतो, सोडून देतो. बोटभर वर असलेल्या फ्लोटला याचा पत्ताच लागत नाही. मी तर पैजेवर म्हणेन की त्या सात तासांत तुमच्या आमिषाला एक-दोनदा तरी तोंड लागलं होतं.

बाईट कशी दिसते ते सांगते, कारण ती चुकते. ठिपका खाली जातोच असं नाही. कधी पाण्यावरच्या बारीक लाटा त्याच्याभोवती थांबल्यासारख्या होतात आणि तो एका बाजूला अर्धा इंच सरकतो. कधी तो उलट वर येतो, दोन मिलिमीटर, जणू कोणी खालून हळूच टेकू दिला. माशाने शेवटचा शॉट उचललेला असतो. तेव्हा काठी झटकायची नाही, नुसती मनगटाने उचलायची. पलीकडे काहीतरी टुकटुक हलतं, चांदीचा एक तुकडा पाण्यात वळतो, आणि जाळीत येतो तो तळहाताएवढा रोच. डोळ्याभोवती लाल कडं, पंख नारिंगी, अंग बर्फाच्या खड्याइतकं गार. हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. हिम पडण्याइतकी थंडी असेल तर गळ काढा आणि लगेच सोडा, फोटोसाठी वर धरून ठेवू नका. पर्च आला तर पाठीवरचे काटे आणि कल्ल्याच्या झाकणावरचा एक छुपा काटा सांभाळा. तो आमिष आधाशासारखा गिळतो, म्हणून त्याला वेळ न देता लगेच उचलायचं, नाहीतर गळ पार घशात जातो.

तासाभरात एकही बाईट नाही तर जागा बदला. एवढं मी सगळ्यांना सांगते आणि दहातले नऊ जण ऐकत नाहीत, कारण खुर्ची, छत्री, पिशवी, थर्मास सगळं मांडून झालेलं असतं. मार्चसाठी सामान कमी न्या, एका खेपेत उचलता येईल इतकंच. एक काठी, एक खांद्यावरची पिशवी, जाळी, घडीची खुर्ची. माझे ज्या दिवशी सर्वांत जास्त मासे लागले त्या प्रत्येक दिवशी मी निदान तीनदा उठले आहे.

तुमचं तळं खडीची खाण आहे असं लिहिलंत म्हणून हे सगळं त्या हिशेबाने सांगितलं. खाणीचा तळ सपाट नसतो, उंचवटे आणि खड्डे असतात, आणि मासे उंचवट्याच्या उतारावर असतात. तिथे दूर टाकायचं असेल तर फ्लोटपेक्षा छोटा मॅगट फीडर (चारा भरून टाकायची भोकांची डबी) बरा, पण तो पुढच्या वर्षी. तुम्ही एखाद्या कमर्शियल तळ्यावर गेलात, जिथे मालकाने कार्प आणि एफ-वन नावाचे संकर ठासून भरलेले असतात, तर गणित थोडं बदलतं. एफ-वन थंडीतही बऱ्यापैकी खातात, तिथे दोन-तीन मिलिमीटरच्या पेलेटवर दिवस चांगला जाऊ शकतो. आत्मविश्वास परत आणायला एखादा रविवार तिकडे जायला हरकत नाही. मला मात्र तिथे बाजारात आल्यासारखं वाटतं.

तेव्हा २१ तारखेसाठी: त्याच तळ्यावर जा, पण आधीचे तीन दिवस हवेचा अंदाज बघून. अकराला पोचा, उत्तरेच्या काठाला उन्हातली उथळ जागा शोधा, खोली मोजा, बारीक गळावर एक लाल मॅगट, दहा दाणे चारा, फ्लोटचं नुसतं टोक, आणि साडेचारपर्यंत थांबा. काठावरच्या लाकडी फळ्यांवर सकाळी हिम असतं, तेव्हा पाय जपून. मी एकदा तिथूनच कमरेपर्यंत पाण्यात गेले आहे. सहा अंशांच्या पाण्यात श्वास असा अडकतो की हाकही मारता येत नाही. एकटे जाऊ नका, निदान कोणाला सांगून जा. आणि विजेच्या तारांखाली काठी उभारायची नाही. कार्बनच्या काठीतून वीज सहज उतरते, तारेला टेकायचीही गरज नसते.

मासा घरी न्यायचं विचारलंत. नाही नेता येत, क्लबच्या आणि तिकिटाच्या तळ्यांवर तर नाहीच. इथे माशांची दोन घराणी आहेत. सॅमन-ट्राउट ही गेम, खायची. बाकी गोड्या पाण्यातले सगळे कोर्स, म्हणजे पकडायचे, बघायचे आणि सोडायचे. बाबा इथे आले होते तेव्हा मी सव्वा किलोचा ब्रीम सोडताना बघून ते पाच मिनिटं माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगो, मग गरवतंस कित्याक?" याचं पटण्यासारखं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही, आजही येत नाही. तुम्हाला रस्सा हवा असेल तर देशी दुकानात गोठवलेला रोहू मिळतो, आणि रोच तसाही नुसता काट्यांचा असतो.

मुलालाही नेणार आहात असं शेवटी लिहिलंय. नऊ वर्षांचा असेल तर त्याला लायसन्स लागत नाही, तेरा पूर्ण झाल्यावर लागतं, आणि सोळापर्यंत ते फुकट असतं, फक्त काढावं लागतं. त्याला पावाच्या टिकल्या काढायचं काम द्या, बाईटची वाट बघायचं नको.

आणि मॅगट फ्रिजमध्ये ठेवावेच लागतात, नाहीतर दोन-चार दिवसांत त्यांचे कोष होतात. पण भोकं असलेल्या, दुकानातून मिळणाऱ्या डबीतच ठेवा, कोरड्या भुश्यात. मी पहिल्या वर्षी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवले होते. आत ओल धरली, आणि ओला मॅगट सरळ भिंत चढतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सकाळी नवऱ्याने लोण्यासाठी फ्रिज उघडला. आता माझ्यासाठी गराजमध्ये वेगळा छोटा फ्रिज आहे, आणि आमच्या घरात श्रीखंड आलं की तो आधी झाकण वर करून बघतो.